आभासी संचयन ॲडाप्टर
आभासी संचयन ॲडाप्टर : एका सर्व्हरचे अनेक स्वतंत्र विभाग पाडले असता त्यांतील प्रत्येक विभागाला डिस्क, टेप इ. संचयन साधनांशी जोडण्याकरिता, प्रत्यक्ष कार्डाऐवजी सॉफ्टवेअर व फर्मवेअर यांच्या साहाय्याने निर्माण केलेल्या जोडणीस आभासी संचयन ॲडाप्टर असे म्हणतात. विभागातील प्रचालन प्रणालीला हा ॲडाप्टर खऱ्या कार्डासारखाच दिसतो. ती त्याच्याकडे वाचनाच्या व लेखनाच्या आज्ञा पाठविते आणि उत्तरे घेते. प्रत्यक्षात मात्र या आज्ञा दुसऱ्याच एका विभागाकडे किंवा नियंत्रक प्रणालीकडे जातात व तेथून खऱ्या कार्डामार्फत खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचतात. ॲडाप्टरच्या दोन टोकांची परस्परांशी गाठ घालणे, त्यामागे कोणती डिस्क उभी करावयाची ते ठरविणे आणि एक मार्ग तुटला असता दुसरा उपलब्ध राहील अशी तजवीज करणे या सर्व क्रियांना मिळून ॲडाप्टरची संरचना करणे असे म्हणतात. या संरचनेतील चूक पुष्कळदा ती करताना लक्षात येत नाही. सर्व्हर पुन्हा चालू करताना किंवा एखादा भाग बिघडल्यावर ती उघडकीस येते व त्या वेळी एकाच सर्व्हरवरील अनेक विभागांचे काम एकदम थांबू शकते. म्हणून या विषयाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

प्रस्तुत नोंदीत या संरचनेचे तपशीलवार विवेचन आयबीएम कंपनीच्या पॉवर जातीच्या सर्व्हरांच्या आधारे केले असून इतर प्रणालींचा उल्लेख शेवटी केला आहे.

इतिहास : एका यंत्राची अनेक यंत्रे भासविण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकातील आहे. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात तयार झालेल्या सीपी-४० व सीपी-६७ या प्रणालींतून पुढे व्हीएम/३७० ही प्रणाली निघाली व ती १९७२ मध्ये जाहीर झाली. या प्रणालीत एका खऱ्या डिस्कवरील लागोपाठचे काही सिलिंडर एका आभासी यंत्राला नेमून देत व त्या भागास मिनिडिस्क म्हणत. आभासी यंत्राला ती एक संपूर्ण डिस्कच वाटे. आजच्या आभासी डिस्कचे बीज या मिनिडिस्कमध्ये आहे. कोणत्या रचनेच्या यंत्राचे असे आभासीकरण शक्य आहे, याच्या औपचारिक अटी जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या.

पॉवर४ प्रक्रियकांवर आधारलेल्या सर्व्हरांत २००१ मध्ये तार्किक विभाग पाडण्याची सोय आली. तथापि त्या वेळी प्रत्येक विभागाला स्वतःचे संचयन कार्ड व स्वतःची डिस्क द्यावी लागे. साहजिकच विभागांची संख्या यंत्रातील स्लॉटांच्या संख्येने मर्यादित होई. २००४ मध्ये पॉवर५ प्रक्रियक आला आणि एका प्रक्रियकाचा दहावा हिस्सादेखील एका विभागाला देता येऊ लागला. एका प्रक्रियकावर दहा विभाग चालविता येतात. परंतु त्या दहांना दहा कार्डे व दहा डिस्क पुरविणे खर्चाचे असते आणि पुष्कळदा जागेअभावी अशक्यच असते. ही अडचण दूर करण्यासाठी त्याच वेळी व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हर (संक्षेपाने व्हीआयओएस) हा खास विभाग उपलब्ध करण्यात आला. खरी कार्डे या विभागाच्या ताब्यात असतात व तो ती इतर विभागांना वाटून देतो. त्याचा पाया एआयएक्स या प्रचालन प्रणालीचा आहे. मात्र त्यावर सामान्य कामाची सॉफ्टवेअरे चालवावयाची नसतात.

घटक व कार्य : या योजनेत तीन घटक असतात. पहिला हायपरव्हायझर होय. हे स्मृतीत कायम राहणारे फर्मवेअर असून ते विभागांना परस्परांपासून अलग ठेवते व त्यांच्यात ठरवून दिलेल्या वाटेनेच संदेश जाऊ देते. दुसरा व्हीआयओएस. तिसरा ग्राहक विभाग, म्हणजे ज्याला डिस्क हवी आहे तो. विभागांची आखणी हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल (एचएमसी) नावाच्या स्वतंत्र संगणकावरून करतात.

आभासी ॲडाप्टर नेहमी जोडीने असतो. एक टोक व्हीआयओएसमध्ये असते, त्यास सर्व्हर ॲडाप्टर म्हणतात. दुसरे ग्राहक विभागात असते, त्यास ग्राहक ॲडाप्टर म्हणतात. प्रत्येक टोकाला आपल्या विभागात एक आभासी स्लॉट क्रमांक मिळतो. प्रत्येक टोकाच्या नोंदीत समोरच्या विभागाचा क्रमांक व समोरच्या स्लॉटचा क्रमांक लिहिलेला असतो. या दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या तरच जोडणी होते. स्लॉट क्रमांक ० व १ हे आभासी कन्सोलसाठी राखीव असल्याने संचयनासाठी त्यांपुढील क्रमांक वापरतात.

आभासी स्कझी : स्कझी हा संगणक व डिस्क यांच्यातील आज्ञांचा संकेत १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाला. आभासी स्कझी पद्धतीत ग्राहक विभाग याच संकेतातील आज्ञा आपल्या ॲडाप्टरकडे देतो. हायपरव्हायझर ती आज्ञा व्हीआयओएसमधील सर्व्हर ॲडाप्टरकडे पोहोचवितो व व्हीआयओएस ती खऱ्या डिस्कवर अमलात आणतो. माहितीची प्रत मात्र व्हीआयओएसच्या स्मृतीतून काढावी लागत नाही. खऱ्या कार्डाला ग्राहक विभागाच्या स्मृतीतील नेमक्या जागेचा पत्ता दिला जातो व माहिती थेट तेथे जाते किंवा तेथून येते. आज्ञा मध्यस्थामार्फत व माहिती थेट, अशी ही विभागणी असल्यामुळे मध्यस्थ असूनही वेग फारसा घटत नाही.

सर्व्हर ॲडाप्टरच्या मागे पुढीलपैकी कोणतेही साधन उभे करता येते : (१) संपूर्ण डिस्क, मग ती यंत्रातील असो की संचयन जाळ्यातील, (२) डिस्कचा एक तार्किक भाग, (३) व्हीआयओएसवरील एक फाइल, (४) टेप किंवा प्रकाशीय डिस्क. पहिला प्रकार वेगाच्या व व्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत सोपा आहे. दुसऱ्या प्रकारात एका मोठ्या डिस्कचे अनेक ग्राहकांत वाटप करता येते. पण त्या सर्वांचा भार एकाच डिस्कवर पडतो.

संरचनेचा क्रम : प्रथम कागदावर तक्ता करणे इष्ट असते. त्यात ग्राहक विभाग, त्याचा स्लॉट, व्हीआयओएसचा स्लॉट, डिस्कची ओळख व तिचे प्रयोजन हे रकाने असावेत. एका विभागात जास्तीत जास्त किती आभासी ॲडाप्टर असू शकतील ही मर्यादा विभागाच्या प्रोफाइलमध्ये आधीच लिहिलेली असते. ती वाढविण्यासाठी सामान्यतः विभाग बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. व्हीआयओएस बंद करणे म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या सर्व ग्राहकांना धक्का लावणे होय. म्हणून ही मर्यादा प्रारंभीच सैल ठेवावी.

त्यानंतर एचएमसीवरून दोन्ही टोकांचे ॲडाप्टर निर्माण करतात. सर्व्हर ॲडाप्टरच्या नोंदीत विशिष्ट ग्राहकाचे नाव न देता ‘कोणताही ग्राहक’ असा पर्यायही निवडता येतो. तो सोयीचा दिसला तरी नेहमीच्या डिस्कसाठी वापरू नये. कारण अशा ॲडाप्टरला भलताच विभाग जोडला जाऊन त्याच्या हाती दुसऱ्याची डिस्क पडण्याचा संभव असतो.

पुढील काम व्हीआयओएसवर होते. ‘सीएफजीडेव्ह’ ही आज्ञा दिली असता नवा सर्व्हर ॲडाप्टर ‘व्हीहोस्ट’ या नावाने व अनुक्रमांकाने दिसू लागतो. ‘एमकेव्हीडेव्ह’ या आज्ञेने त्याच्याशी डिस्क जोडतात व जोडणीला एक नाव देतात. या नावात ग्राहकाचे व प्रयोजनाचे संक्षिप्त रूप घातल्यास पुढे घोटाळा होत नाही. ‘एलएसमॅप’ या आज्ञेने कोणत्या ॲडाप्टरमागे कोणती डिस्क आहे याची यादी मिळते. या यादीतील स्थान-संकेतात ‘व्ही’ या अक्षरापुढे विभागाचा क्रमांक व ‘सी’ या अक्षरापुढे स्लॉटचा क्रमांक असतो. तो मूळ तक्त्याशी ताडून पाहावा. शेवटी ग्राहक विभागात शोध-आज्ञा दिल्यावर नवी डिस्क दिसते.

डिस्क काढून टाकण्याचा क्रम याच्या नेमका उलट असतो. प्रथम ग्राहकातील फाइल प्रणाली व डिस्क मोकळी करावयाची, मग व्हीआयओएसवरील जोडणी तोडावयाची आणि सर्वांत शेवटी मूळ डिस्क परत घ्यावयाची. हा क्रम चुकल्यास चालू असलेल्या विभागाच्या पायाखालची डिस्क नाहीशी होते.

प्रोफाइल व चालू स्थिती : विभाग चालू असतानाही नवा ॲडाप्टर घालता येतो. परंतु असा बदल केवळ चालू स्थितीत होतो, प्रोफाइलमध्ये तो आपोआप उतरतोच असे नाही. पुढे कित्येक महिन्यांनी विभाग बंद करून जुन्या प्रोफाइलवरून चालू केला असता ॲडाप्टर नाहीसा होतो व त्याबरोबर डिस्कही. ज्याने मूळ बदल केला तो तोपर्यंत अन्यत्र गेलेला असण्याचा संभव असतो. यासाठी बदल झाल्याबरोबर चालू स्थिती प्रोफाइलमध्ये जतन करणे हा संरचनेचाच एक भाग मानला पाहिजे.

दोन व्हीआयओएसची योजना : एकच व्हीआयओएस असेल तर त्याच्या देखभालीसाठीही सर्व ग्राहक थांबवावे लागतात. म्हणून महत्त्वाच्या यंत्रावर दोन व्हीआयओएस ठेवतात व प्रत्येक ग्राहकाला दोहोंकडून एकेक ॲडाप्टर देतात. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दोन व्हीआयओएस दोन निरनिराळ्या डिस्क देतात व ग्राहक विभाग प्रत्येक लेखन दोहोंवर करतो. एक व्हीआयओएस बंद पडल्यास दुसऱ्या डिस्कवर काम चालते. मात्र पहिला परत आल्यावर मागे पडलेली प्रत पुन्हा अद्ययावत करावी लागते. दुसऱ्या प्रकारात संचयन जाळ्यातील एकच डिस्क दोन्ही व्हीआयओएसमार्फत ग्राहकाला दिली जाते व तिच्याकडे जाणारे दोन मार्ग ग्राहकाला दिसतात. हा प्रकार अधिक रूढ आहे.

दुसऱ्या प्रकारात चार गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. एक : एखादी डिस्क उघडणारा व्हीआयओएस तिच्यावर आरक्षण ठेवीत असेल तर दुसऱ्याला ती उघडता येत नाही. म्हणून डिस्क जोडण्यापूर्वीच दोन्ही व्हीआयओएसवर ‘आरक्षण नाही’ हे धोरण लावतात. दोन : आरक्षण काढल्यामुळे एक संरक्षणही जाते. तीच डिस्क चुकून दुसऱ्या ग्राहकाला जोडली गेल्यास दोन प्रचालन प्रणाली एकाच वेळी तिच्यावर लिहू लागतात व फाइल प्रणाली नष्ट होते. तीन : एकच डिस्क एका व्हीआयओएसवर चौथ्या व दुसऱ्यावर सातव्या अनुक्रमांकाने दिसू शकते. अनुक्रमांकावर विसंबल्याने वर सांगितलेली चूक घडते. म्हणून डिस्क ओळखताना संचयन यंत्राने दिलेला तिचा कायम ओळख-क्रमांकच ताडून पाहावा.

चार : तुटलेला मार्ग पुन्हा जोडला गेला की नाही हे ग्राहकाला कळण्यासाठी ठराविक कालाने मार्गाची तपासणी व्हावी लागते. एआयएक्सच्या अनेक आवृत्तींत आभासी स्कझी डिस्कसाठी या कालावधीचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे तपासणी बंद असे होते. अशा स्थितीत पहिला व्हीआयओएस देखभालीनंतर सुरू झाला तरी ग्राहकाच्या दृष्टीने तो मार्ग तुटलेलाच राहतो. त्यानंतर निश्चिंतपणे दुसरा व्हीआयओएस बंद केला की ग्राहकाला एकही मार्ग उरत नाही. दोन सर्व्हर ठेवूनही एकाच्या अभावी काम बंद पडावे, असा हा विपर्यास केवळ एका मूल्यामुळे घडतो. सामान्यतः हे मूल्य ६० सेकंद ठेवतात. शिवाय दुसरा व्हीआयओएस बंद करण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकातील दोन्ही मार्ग चालू असल्याची खात्री करून घेतात.

आभासी स्कझी डिस्कच्या बाबतीत एका वेळी एकाच मार्गाने वाहतूक होते, दुसरा मार्ग केवळ राखीव असतो. त्यामुळे मार्गांना अग्रक्रम देताना निम्म्या ग्राहकांचा मुख्य मार्ग एका व्हीआयओएसकडून व उरलेल्यांचा दुसऱ्याकडून ठेवला असता भार समान वाटला जातो.

रांगेची खोली : डिस्ककडे एका वेळी किती आज्ञा प्रलंबित राहू शकतात या संख्येला रांगेची खोली म्हणतात. आभासी स्कझीच्या एका ग्राहक ॲडाप्टरमध्ये आज्ञांसाठी एकूण ५१२ जागा असतात. त्यांपैकी २ ॲडाप्टरच्या स्वतःच्या कामासाठी व प्रत्येक डिस्कमागे ३ दोष-निवारणासाठी राखून ठेवलेल्या असतात. म्हणून ५१० या संख्येला, रांगेची खोली अधिक ३ या संख्येने भागले असता एका ॲडाप्टरवर जास्तीत जास्त किती डिस्क घालता येतील ते मिळते. उदा., खोली ३ असल्यास ८५, खोली २० असल्यास २२ व खोली ३२ असल्यास १४ डिस्क. त्यापेक्षा अधिक डिस्क हव्या असल्यास दुसरा ॲडाप्टर घ्यावा लागतो. ग्राहकातील डिस्कची खोली व्हीआयओएसवरील मूळ डिस्कच्या खोलीइतकी ठेवणे योग्य असते. ती अधिक ठेवल्यास आज्ञा व्हीआयओएसमध्ये तुंबतात. कमी ठेवल्यास डिस्कची क्षमता वाया जाते. एकाच डिस्कचे भाग अनेक ग्राहकांना दिले असल्यास त्या सर्वांच्या खोल्यांची बेरीज विचारात घ्यावी लागते.

आभासी फायबर चॅनल : संचयन यंत्रे व सर्व्हर यांना जोडणाऱ्या जाळ्यात फायबर चॅनल हा संकेत वापरतात. या जाळ्यातील प्रत्येक बंदराला ६४ बिटांचे एक जागतिक नाव असते व ते सोळा षोडशमान अंकांनी लिहितात. कोणत्या नावाला कोणती डिस्क दिसावी हे जाळ्यातील स्विच व संचयन यंत्र ठरवितात. एका खऱ्या बंदरामागे अनेक आभासी नावे नोंदविण्याची सोय एनपीआयव्ही या प्रमाणाने केली आहे. पॉवर सर्व्हरांत ती पॉवर६ च्या काळात, २००८ मध्ये आली. त्या काळी एका खऱ्या बंदरावर ६४ पर्यंत आभासी बंदरे चालू शकत.

या पद्धतीत व्हीआयओएसला डिस्क दिसतच नाहीत, तो केवळ वाट मोकळी करून देतो. डिस्क थेट ग्राहकाच्या नावाने दिल्या जातात. त्यामुळे शेकडो डिस्क असल्या तरी व्हीआयओएसवर एकेक जोडणी करावी लागत नाही. ‘व्हीएफसीमॅप’ या आज्ञेने आभासी ॲडाप्टर खऱ्या बंदराशी एकदा जोडला की पुरे. याची किंमत अशी की, मार्ग हाताळण्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक ग्राहकात बसवावे लागते आणि स्विचलाही एनपीआयव्हीचे ज्ञान असावे लागते.

प्रत्येक आभासी फायबर चॅनल ॲडाप्टरला दोन जागतिक नावे मिळतात. एका वेळी एकच वापरात असते. विभाग चालू असतानाच त्याचे दुसऱ्या यंत्रावर स्थलांतर करताना दुसऱ्या नावाने नव्या यंत्रावरून डिस्क उघडतात व मग पहिले सोडून देतात. म्हणून स्विचवर व संचयन यंत्रावर दोन्ही नावांची नोंद हवी. पुष्कळदा चालू असलेले एकच नाव जाळ्यात दिसत असल्याने तेवढेच नोंदविले जाते. दैनंदिन कामात काही उणे भासत नाही. ऐन स्थलांतराच्या वेळी ते अडते.

ही नावे हायपरव्हायझर स्वतः निर्माण करतो व एकदा दिलेले नाव पुन्हा देत नाही. त्यामुळे चालू विभागात ॲडाप्टर घालून मग त्याच स्लॉटवर प्रोफाइलमध्ये तो हाताने दुसऱ्यांदा लिहिला, तर प्रोफाइलमधील ॲडाप्टरला निराळीच नावे मिळतात. दोन्ही नोंदी दिसायला सारख्या असतात. पुढच्या वेळी विभाग प्रोफाइलवरून चालू होतो तेव्हा संचयन यंत्र त्याला ओळखत नाही. येथेही चालू स्थिती जतन करणे हाच योग्य मार्ग होय. तीमुळे तीच नावे प्रोफाइलमध्ये उतरतात.

निवड : थोड्या डिस्क, प्रचालन प्रणालीची मूळ डिस्क किंवा यंत्रातच असलेली डिस्क यांसाठी आभासी स्कझी सोयीची असते. मोठ्या माहितीसंचांसाठी, टेप ग्रंथालयांसाठी व ज्या विभागाला संचयन यंत्राच्या खास सोयी थेट वापरावयाच्या आहेत त्यासाठी आभासी फायबर चॅनल सोयीचे असते. एकाच विभागात दोन्ही प्रकार नांदू शकतात. पूर्वी पॉवर५ वर उपलब्ध नसलेले चालू विभागाचे स्थलांतर पॉवर६ पासून (२००७) शक्य झाले. त्यासाठी विभागाची सर्व साधने आभासी व डिस्क संचयन जाळ्यातील असाव्या लागतात. प्रत्यक्ष कार्ड बाळगणारा विभाग त्या यंत्राशी बांधला जातो.

इतर प्रणाली : आभासी ॲडाप्टर साकारण्याच्या सर्वसाधारण रीती तीन आहेत. पहिलीत एखाद्या प्रसिद्ध कार्डाची हुबेहूब नक्कल करतात. प्रचालन प्रणालीत काही बदल करावा लागत नाही, पण प्रत्येक बारीकसारीक क्रियेची नक्कल केल्याने श्रम वाढतात. दुसरीत आपण आभासी यंत्रात आहोत हे प्रचालन प्रणालीला ठाऊक असते व ती त्यासाठीच लिहिलेला ड्रायव्हर वापरते. वर वर्णिलेली आभासी स्कझी याच जातीची आहे. तिसरीत खरे कार्ड किंवा त्याचा एक हिस्सा थेट विभागाच्या स्वाधीन करतात.

व्हीएमवेअरच्या प्रणालीत प्रथम नकली कार्डे होती. २००९ मध्ये दुसऱ्या रीतीचा पीव्हीस्कझी हा ॲडाप्टर आला. तेथे एका आभासी यंत्राला चार स्कझी ॲडाप्टर देता येतात. मूळ रचनेत प्रत्येकावर १५ डिस्क बसत. कारण स्कझीच्या सोळा क्रमांकांपैकी ७ हा क्रमांक स्वतः ॲडाप्टरचा असतो. लिनक्समध्ये रस्टी रसेल यांनी मांडलेली व्हर्टिओ ही चौकट २००८ मध्ये समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये आभासी फायबर चॅनलची सोय २०१२ च्या विंडोज सर्व्हरपासून आहे. तेथेही स्थलांतरासाठी प्रत्येक ॲडाप्टरला नावांचे दोन संच असतात, हे साम्य लक्षणीय आहे.

आभासी ॲडाप्टरमुळे कार्डे, केबली व जागा यांची मोठी बचत होते आणि नवा विभाग अल्पावधीत उभा करता येतो. परंतु केबलीने जोडलेली डिस्क डोळ्यांना दिसते. आभासी जोडणी केवळ नोंदींत असते. म्हणून व्हीआयओएसच्या संरचनेची प्रत नियमितपणे यंत्राबाहेर काढून ठेवणे, तक्ता प्रत्येक बदलाबरोबर सुधारणे आणि एकेक व्हीआयओएस ठरवून बंद करून राखीव मार्ग खरोखर काम देतो की नाही याची चाचणी घेणे, या तीन गोष्टींवरच अशा योजनेची विश्वसनीयता अवलंबून असते.